सिन्योरांचा स्पेन

कॉलेजात त्यांना सगळे सिन्योर म्हणत, अगदी शिपाईसुद्धा. खरं नाव विचारलंत तर ऑफिसातल्या क्लार्कलाही जरा डोकं खाजवावं लागलं असतं. कॉलेजाचे नेहमीचे तास संपले की रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत त्यांचा वर्ग भरे. स्पॅनिश भाषा आणि संस्कृती, प्राथमिक. बाकांवर ऍसिडचे डाग, कोपऱ्यात गळका नळ, फळ्यावर आदल्या तासाची समीकरणं. सिन्योर आधी फळा पुसत, मग खिशातल्या रुमालाने टेबल पुसत, कोटाची बटणं लावत आणि दाराकडे वळून खणखणीत आवाजात 'बुएनास तार्देस', म्हणजे शुभ संध्याकाळ, म्हणत. पोरं तेच ओरडून परत म्हणत, निम्मी नुसती मजा म्हणून.

प्राथमिक म्हणजे प्राथमिकच. पुढचा वर्ग कॉलेजाने कधी काढलाच नाही. त्यामुळे सिन्योर वर्षानुवर्षं धड्यातल्या त्याच त्या कॅफेत, त्याच त्या टेबलाशी बसून तीच ती कॉफी मागवत होते. माझं नाव अमुक, मला दोन बहिणी आहेत, स्टेशन कुठे आहे, एक कॉफी द्या. एवढ्यावर माणसाचं अख्खं आयुष्य गेलं म्हटलं तर तुम्ही हसाल, पण गेलं. नोकरी तासिका तत्त्वावरची. दर वर्षी नवी नेमणूक, दर वर्षी तोच अर्ज, आणि दर वर्षी ऑफिसातला तोच प्रश्न, "तुमचा तो विषय अजून चालू आहे का हो?"

पण वर्गात उभे राहिले की माणूस बदलायचा. तिथे ते राजे होते. "आपल्याकडे जेवण झाल्यावर कोणी ताडकन उठत नाही," असं ते सांगत. "आपल्याकडे मुलांना वडिलांचं आणि आईचं, दोन्ही आडनावं लावतात." नवी पोरं गोंधळायची. आपल्याकडे म्हणजे कुठे? मग जुनं कोणीतरी कोपराने ढोसून सांगायचं, अरे, सरांचं 'आपल्याकडे' म्हणजे स्पेन.

आता खरी गंमत पुढेच आहे. सिन्योरांनी स्पेनमध्ये कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. स्पेन सोडा, ते विमानतळाच्या आतसुद्धा गेले नव्हते. त्यांना ही भाषा शिकवली ती त्याच कॉलेजातल्या एका बाईंनी. त्या मूळच्या तिकडच्या. तरुणपणी नवऱ्यामागे इकडे आल्या, नवरा गेला, त्या राहिल्या, आणि शेवटपर्यंत पांढरे हातमोजे घालून वर्गावर आल्या. पाहुण्याने कसं बसायचं, यजमानाला काय म्हणायचं, वेटरला कसं बोलवायचं, सगळं त्या स्वतः करून दाखवायच्या. सिन्योर तेव्हा पोरगेलेसे होते. बाई त्यांना म्हणाल्या होत्या, "तू एकदा तिकडे जा. तुला पाहून कोणी म्हणणार नाही की हा परका आहे." बस, हे वाक्य त्यांनी जपून ठेवलं. पासपोर्ट काढला. मुदत संपली की नवा काढत. आतली पानं कोरीच्या कोरी.

"तुमच्या पासपोर्टला एकदा तरी बाहेरची हवा दाखवा," त्यांची बायको म्हणायची. ती चष्म्याच्या दुकानात काम करत होती. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवायच्या, त्यामुळे समोरच्याला नीट दिसतंय की तो नुसता हो म्हणतोय हे तिला लगेच कळे. नवऱ्याचं सगळं खूळ तिने सोसलं होतं. संध्याकाळी तो आरशासमोर उच्चार घोटत बसे तेव्हा ती टीव्हीचा आवाज कमी करायची, आणि एका स्त्रीने संसारात याहून जास्त काय करावं, मला सांगा.

त्या वर्षी मात्र चमत्कार झाला. तिकडच्या एका कॉलेजाचा मेल आला. सिन्योर त्यांच्याशी कितीतरी वर्षं पत्रव्यवहार करत होते, नमुनेदार शुद्ध भाषेत. आता ते लोक म्हणत होते, तुमचे काही विद्यार्थी आणि एक शिक्षक आमच्याकडे पाठवा, तीन आठवडे राहू देत, खर्च आमचा. जमलं तर दर वर्षी असं करू.

सिन्योर त्या दिवशी घरी चालत गेले. बस समोर उभी असून चालत गेले. घरात शिरल्या शिरल्या बायकोला म्हणाले, "अगं, जायचंय." तिने कुठे, असं विचारलंसुद्धा नाही. तिने माळ्यावरची बॅग काढली, झटकली आणि खिडकीशी वाळत घातली. त्या बॅगेला चाकं नव्हती. दुसऱ्या दिवशी ती दुकानातून येताना चाकांची बॅग घेऊन आली.

आठवडाभर हे गृहस्थ मनात मांडे खात हिंडले. एवढंच हवं होतं त्यांना. एकदा, फक्त एकदा, तिथल्या खऱ्या टेबलाशी बसून खरी कॉफी मागवायची आणि समोरच्याला ती भाषा आपलीच वाटावी. याहून जास्त मागणं त्या माणसाने आयुष्याकडे केलं नव्हतं.

मग प्राचार्य मॅडमनी बोलावलं. त्या वाईट बाई नव्हत्या. दमलेल्या होत्या, पण वाईट नव्हत्या. खोलीत वाणिज्य विभागाचे प्रमुख आधीच बसलेले. गोल चेहरा, हसतमुख, कुठल्याही समितीवर आपोआप उगवणारा माणूस.

"सर, तुमच्यामुळे हे सगळं झालं," मॅडम म्हणाल्या. "पण संस्थेचा नियम आहे. परदेशी जाणारा शिक्षक कायम नोकरीतला हवा. विम्याचं असतं, जबाबदारीचं असतं. म्हणून विभागप्रमुख सर जातील."

"त्यांना भाषा येत नाही," सिन्योर म्हणाले.

"त्यासाठीच तर तुम्ही आहात," विभागप्रमुख हसून म्हणाले. "मला तयार करा. जाण्याआधी वेळ आहे ना. कॉफी मागता आली म्हणजे झालं आपलं."

तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? वर पुन्हा पानं पुसणाऱ्याचे हात यांनीच धुऊन द्यायचे. सिन्योर "बरं" म्हणाले. आयुष्यभर तेच म्हणत आले होते, त्यामुळे सवयीने तोंडातून बाहेर पडलं.

घरी बायकोने ऐकून घेतलं. नवी बॅग तिने पलंगाखाली सरकवली. मग जरा वेळाने म्हणाली, "शिकवा ना त्यांना. काहीतरी उलटंसुलटं शिकवा. जाऊन पडू दे तोंडावर."

ती थट्टेत म्हणाली, निदान अर्धं तरी थट्टेत. पण सिन्योर संतापले. "मी? मी चुकीचं शिकवू? माझ्या बाईंनी मला असं शिकवलं नाही." रात्री ते धड जेवलेही नाहीत. नोकरी गेली तरी चालेल, विषयाशी बेइमानी करणार नाही, असं त्यांनी तिला दोनदा ऐकवलं. म्हणजे बघा, सूड घ्यायची संधी चालत आली होती आणि हा माणूस तिला हातही लावायला तयार नव्हता.

आणि मग ते जीव तोडून शिकवायला लागले. स्टाफरूमचं टेबल मोकळं करून त्यावर कप मांडले. जाणाऱ्या विद्यार्थ्यांनाही बोलावलं. त्यात एक मुलगी होती, पहिल्या बाकावर बसणारी. वडील लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे, घरात कॉलेज पाहिलेली ही पहिलीच. पण भाषा अशी उचलायची की सिन्योरांना स्वतःचे जुने दिवस आठवत. तिला हीच भाषा पुढे शिकायची होती, तसं तिने घरी सांगूनही टाकलं होतं. ती वेटर झाली, विभागप्रमुख गिऱ्हाईक.

"हे पाहा, हाक मारायची नाही," सिन्योर म्हणाले. "हात हलवायचा नाही. टाळी वाजवायची. दोनदा, अशी. आपल्याकडे सभ्य माणूस वेटरला असाच बोलावतो."

"टाळी?" विभागप्रमुख म्हणाले.

"टाळी. आणि कोणाच्या घरी जेवायला बसलात तर वाढलेलं पहिल्यांदा नाकारायचं. दुसऱ्यांदाही नाकारायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग घ्यायचं. लगेच घेतलं तर हावरट समजतात."

मुलगी जरा अडखळली. "सर, मी मोबाईलवर तिकडच्या मालिका बघते ना, त्यात कोणी टाळी वाजवताना दिसलं नाही."

"मालिकांवरून देश कळतो का?" सिन्योर म्हणाले. आवाज चढला नाही, पण मुलगी गप्प झाली. सिन्योर मोबाईलवरचं काही बघत नसत. ते सगळं प्रवाशांसाठी केलेलं असतं, असं त्यांचं ठाम मत. बाईंनी शिकवलेलं ते खरं.

विभागप्रमुख आज्ञाधारक विद्यार्थी निघाले, हे मात्र कबूल करायला हवं. सांगितलं ते तंतोतंत पाठ केलं. कमिट्यांची सवय, दुसरं काय. निघायच्या दिवशी कॉलेजच्या दारात बसच्या पायरीवर उभं राहून त्यांनी सिन्योरांना दोन टाळ्या वाजवून दाखवल्या. सगळे हसले. सिन्योरही हसले.

तीन आठवडे त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. कॉलेजच्या ग्रुपवर फोटो यायचे. चौक, कारंजं, लांब टेबल, विभागप्रमुख मध्यभागी. सिन्योर फोटो मोठा करून माणसं सोडून मागच्या दुकानांच्या पाट्या वाचत बसायचे. मग एके दिवशी फोटो यायचे थांबले. त्यांना वाटलं, नेटवर्क नसेल.

मंडळी परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी सिन्योर मुद्दाम लवकर गेले. कोट इस्त्री केलेला. स्टाफरूममध्ये शिरले तर बोलणं तुटलं. एकाने वर्तमानपत्र उघडलं, एकाने बंद केलं. विभागप्रमुखांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

सगळं सांगितलं ते त्या मुलीने. प्रयोगशाळेबाहेर गाठून, खालच्या आवाजात, अगदी जपून. तिकडच्या कॉलेजच्या प्रमुखबाईंनी निरोपाचं जेवण दिलं होतं. मोठं हॉटेल, सगळे प्राध्यापक. विभागप्रमुखांनी टाळ्या वाजवून वेटरला बोलावलं. अख्खं हॉटेल गप्प झालं. वेटर आला, पण त्याने त्यांच्याकडे न बघता प्रमुखबाईंना काहीतरी विचारलं आणि निघून गेला. कोणाच्या तरी मोबाईलमध्ये ते आलं आणि तिकडच्या पोरांत फिरलं. त्याआधी ज्या घरी ते राहत होते तिथे रोज दोनदा नको म्हणायचे आणि ताट उचललं जायचं. शेवटी बिस्किटांवर दिवस काढले.

"मी राहिले त्या घरातल्या आजोबांना विचारलं सर," मुलगी म्हणाली. "ते म्हणाले, हो, आमच्या लहानपणी टाळ्या वाजवून बोलवायचे. आता कोणी केलं तर वेटरला नोकर समजल्यासारखं होतं. खूप वर्षं झाली म्हणे बदलून." मग तीच घाईने म्हणाली, "यात तुमची चूक नाही सर. तुम्हाला शिकवलं तसं तुम्ही शिकवलं."

बिचारीने धीर द्यायला म्हटलं. पण ते वाक्य सिन्योरांच्या जितकं जिव्हारी लागलं, तितकं सगळ्या स्टाफरूमने मिळून शिव्या दिल्या असत्या तरी लागलं नसतं.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोचा मोबाईल मागून घेतला. तिने काही न विचारता हवं ते लावून दिलं. कॅफेमागून कॅफे. लोक येत होते, मान हलवत होते, बोट वर करत होते, कॉफी येत होती. कोणी टाळी वाजवत नव्हतं. कोणी कोट घातला नव्हता. माणसं इतकी भरभर बोलत होती की सिन्योरांना पाचातलं एक वाक्य कळत होतं. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या कानांनी ती भाषा रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडून कधी ऐकलीच नव्हती. 'आपल्याकडे', म्हणे.

"मग?" बायको म्हणाली. "जुनं होतं ते. जाऊन सांगा, मला माहीत नव्हतं म्हणून. कोण फासावर देतंय तुम्हाला?"

त्यांनी मोबाईल उलटा करून ठेवला.

प्राचार्यांच्या खोलीत या वेळी खुर्च्या जास्त मांडल्या होत्या. तिकडच्या कॉलेजाने पुढच्या वर्षीचं काही कळवलं नव्हतं, आणि न कळवण्यात काय ते कळून चुकलं होतं. विभागप्रमुख भडकलेले होते.

"यांनी डाव साधला मॅडम. यांना पाठवलं नाही म्हणून पोटात दुखत होतं. मला मुद्दाम चुकीचं शिकवलं. माझं नाक कापलं, संस्थेचं कापलं. मी उपाशी राहिलो तिथे, उपाशी."

मॅडमनी चष्मा काढला. "सर, मला तसं वाटत नाही," त्या सिन्योरांना म्हणाल्या. "मला फक्त एक सांगा. तिकडे हे बदललंय हे तुम्हाला माहीत नव्हतं, असंच ना? तसं असेल तर विषय इथेच मिटवू. थोडा अभ्यासक्रम नवा करू, तुम्हालाही एखाद्या प्रशिक्षणाला पाठवू. पण मुद्दाम केलं असेल तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

मॅडमनी दार सताड उघडून दिलं होतं. तीन शब्द म्हणायचे होते, मला माहीत नव्हतं. म्हण ना रे बाबा. खरंच तर होतं. पण सिन्योरांनी खोलीभर नजर फिरवली. हे सगळे त्यांना तासिकावाला म्हणत, पोशाखाला हसत, पण एक गोष्ट कोणी कधी नाकारली नव्हती. माणसाला भाषा येते. स्पेन त्याला तळहातासारखा ठाऊक आहे. एवढीच एक मालमत्ता, आणि तीच आता टेबलावर ठेवून जायची होती.

"मला सगळं माहीत होतं," सिन्योर म्हणाले. "मी मुद्दाम केलं."

विभागप्रमुखांचं तोंड उघडंच राहिलं. आरोप करणाऱ्यालाही तो खरा निघेल असं वाटलं नव्हतं.

"सर, विचार करून बोला," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी शिपायाला सांगून त्या मुलीला आत बोलावलं. ती बाहेरच थांबली होती, कोणी न सांगता, स्वतःहून. तिला वाटत होतं आपल्या साक्षीने सरांची नोकरी वाचेल.

"मॅडम, सरांनी मुद्दाम नाही केलं," ती एका दमात म्हणाली. "त्यांनी आम्हालाही हेच शिकवलंय. पहिल्या सत्रापासून. टाळीचं, जेवणाचं, सगळं तेच. सगळ्या वर्गाला विचारा. सरांना खरंच तसंच वाटत होतं."

मॅडमनी सुटल्यासारखा श्वास सोडला. आणि सिन्योरांना त्या पोरीचा असा राग आला, असा राग आला, की आयुष्यात कोणाचा आला नसेल. सगळ्यांसमोर तिने त्यांना उघडं केलं होतं, तेही इतक्या प्रेमाने.

"हिचं काही ऐकू नका," ते म्हणाले. "मी वर्गात असं कधी शिकवलेलं नाही. जुन्या काळी असं करत, एवढंच सांगितलं होतं. हिला जुनं आणि आताचं यातला फरक कळला नाही. पाठांतर चांगलं आहे हिचं, समज कमी आहे. भाषेचा कान नाही."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. ती समजायचा प्रयत्न करत होती, फळ्यावर नवं काही लिहिलं की करायची तसा.

"खरं का हे?" मॅडमनी विचारलं.

मुलगी मॅडमकडे वळली. "सर म्हणतात तर तसंच असेल, मॅडम," ती म्हणाली. "माझाच घोटाळा झाला असेल."

सिन्योरांनी कोटाची बटणं लावली आणि ते उठले. बाहेर व्हरांड्यात विभागप्रमुख कोणालातरी सांगत होते, "माणूस एक नंबरचा हलकट निघाला. पण भाषा येते हां त्याला. येते म्हणूनच असा खेळला." सिन्योरांनी ते ऐकलं. आणि लाज वाटायच्या ऐवजी त्यांना बरं वाटलं. हेच तर हवं होतं. नोकरी देऊन त्यांनी तेवढं विकत घेतलं होतं.

घरी बायकोने विचारलं, "म्हणालात ना, माहीत नव्हतं म्हणून?"

"नाही."

ती बघत राहिली. गिऱ्हाईक अक्षरं दिसतात म्हणतं आणि दिसत नसतात, तेव्हा ती बघायची तशी. मग म्हणाली, "आणि ती पोरगी? ती तर तुमच्या बाजूने बोलणार होती."

सिन्योर हात धुवायला उठले आणि बराच वेळ नळापाशी राहिले.

पुढे काही दिवसांनी डस्टर, दोन कप असलं सामान न्यायला ते कॉलेजात गेले. शिपायाने खोली उघडून दिली. इकडच्या तिकडच्या गप्पांत त्याने सांगितलं की नवीन मॅडम येणार आहेत, तरुण आहेत, तिकडे शिकून आल्यात, आता पुढचा वर्गही सुरू होणार म्हणे.

"आणि ती पहिल्या बाकावरची?" सिन्योरांनी विचारलं.

"तिने विषय सोडला ना," शिपाई म्हणाला. "ऑफिसात आली होती अर्ज द्यायला. क्लार्कने कारण विचारलं. म्हणाली, मला भाषेचा कान नाही."